मागचं पान

आखरावर बसलो होतो बिल्ल्यांची पिशवी घेऊन,
कान टोचायचं यंत्र मांडीवर,
अर्ज पंचवीस, कार्बन दोनच.
नागभीडच्या पुढं, डांबर संपतं
आणि वनखात्याची पाटी लागते, तिथलं हे गाव.
विमा म्हणजे मोटारसायकलचा,
एवढंच त्याला ठाऊक.

सायत्राबाई गुरनुले सगळ्यांत शेवटी आली.
एक गाय, चार शेळ्या,
मागं अर्ध्या कानाचा एक कुत्रा.
"वाचा," म्हणाली, "पुढचं नोको. मागच्या पानावरचं, बारीक."

बारा वर्षांत मागचं पान कुणी मागितलं नव्हतं.
चष्मा पुसला.
वाचलं : बिल्ला नाही, तर दावा नाही.
वाचलं : पहिल्या एकवीस दिवसांत आजारानं गेलं
तर कंपनी बांधील नाही.
"म्हंजे एकईस दिवस गायीनं दम धरावा?"
हो.
"तिले कोन सांगन?"
ढोरकी हसला. मी वाचत राहिलो :
पंचनामा, शवविच्छेदन, बिल्ला दिसेल असा फोटो.

तिनं माझ्या बोटाशेजारी बोट ठेवलं.
शेणानं रेषा भरलेलं.
"आन् मेली नाही तं?
पोट फुगलं, कास सुजली,
औषधाचे पैसे कोन देते?"
औषधाचे नाहीत, बाई.
"मंग हा तब्येतीचा इमा नोहे.
हा मरनाचा हाय."

प्रशिक्षणाच्या तीन दिवसांत, चहासकट,
हे कुणी बोललं नव्हतं.

तरी गायीचा काढला तिनं, एका वर्षाचा.
शेळ्यांत दोघींचाच. कोणत्या, हे ठरवायला
चौघींसमोर इतका वेळ उभी राहिली
की उरलेल्या दोघींकडं नंतर बघेना.

मग कुत्र्याला मानेला धरून पुढं ओढलं.
"आन् भुऱ्याचं?"

कुत्र्याचा रकाना नाही.
गाय, म्हैस, बैल, शेळी, मेंढी, डुक्कर,
ससासुद्धा आहे.
शहरात निघतो म्हणे कुत्र्यांचा, औषधपाण्यासकट,
पण जात विचारतात, वय, लसींची वही.
"जात," ती म्हणाली.
"उन्हाळ्यात वाघ कोठ्यापाशी आला,
त्यानं नाही इचारली याची."

पुढं ती गप्प. मी पिशवी आवरायला घेतली.
"गायीचा हप्ता कसा काढता?"
किंमत धरतो. शेकडा अमुक.
त्यात वाटा सरकारचा, उरला तुमचा.
"मंग भुऱ्याची किंमत धरा."

ढोरकी म्हणाला, पन्नास रुपये.
तिचा नातू म्हणाला, एक लाख.
माझं पेन दोघांच्या मधे कुठंतरी.
"एका बकरीयेवढी," ती म्हणाली,
आणि दंतमंजनाच्या रिकाम्या डब्यात
बाजाराच्या दिवशी दहा, असा हप्ता
स्वतःच ठरवून निघून गेली.

पौषात निरोप आला. रानडुक्कर.
मी गेलो तेव्हा भुऱ्या न्हाणीच्या दगडापाशी,
मांडी पळसाच्या फुलासारखी उघडी.
नातवानं तोंड धरलं, मी अकरा टाके घातले.
मधेच वीज गेली, शेवटचे चार
मोबाइलच्या उजेडात.

सुईचं, दोऱ्याचं, इंजेक्शनचं मिळून
तीनशे साठ झाले.
तिनं डबा पालथा केला. नाणी मोजली,
मंजनानं गुलाबी झालेली.
दोनशे सत्तर.
पुन्हा मोजली. तेवढीच.

राहू द्या, म्हणालो.
"राहू काऊन द्या? सरकारचा वाटा रायते ना हप्त्यात?"
राहतो.
"तुमी सरकारचेच ना?"

नव्वद मी माझ्याकडून धरले.
पावती मागितली तिनं. छापील नव्हती,
म्हणून एका कोऱ्या अर्जाच्या मागच्या पानावर
बारीक अक्षरात लिहून दिली.
भुऱ्या खाली पडल्या पडल्या
माझ्या पिशवीवर गुरगुरत होता.